ऑनकॉल नोकरी आणि ज्युदो: एक सोडण्याआधी काय काय बदलून बघायचं

प्रश्न विचारणारे सांगलीत, विश्रामबागेत राहतात. वय ३१. पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरची देखभाल घरून करतात आणि कंपनीचे ग्राहक बहुतेक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे आहेत. टीम चार जणांची, त्यामुळे दर चौथा आठवडा ऑनकॉलचा, म्हणजे सर्व्हरच्या बिघाडाचा इशारा (अलर्ट) फोनवर आला की कधीही कामाला लागायचं. सात वर्षं ज्युदो चालू आहे, सध्या ब्राउन बेल्ट. क्लास सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ. पुढच्या वर्षी ब्लॅक बेल्टची परीक्षा द्यायची आणि मग मुलांसाठी स्वतःचा क्लास काढायचा असं मनात आहे. पण ऑनकॉलच्या आठवड्यात मॅटवरून उठून फोनकडे पळावं लागतं, रात्रीच्या अलर्टनी झोप मोडते आणि हल्ली उजव्या हाताची बोटं पहाटे बधिर झालेली असतात. प्रश्न एका ओळीचा आहे: नोकरी सोडू की ज्युदो?

माझं उत्तर: इतक्यात काहीच सोडू नका. तुम्ही लिहिलंय की वेळ पुरत नाही. हिशेब करून बघा. तीन क्लास मिळून आठवड्याचे साडेचार तास होतात. नोकरी करणाऱ्या माणसाला साडेचार तास काढता येतात, आणि तुम्ही ते सात वर्षं काढताच आहात. अडचण ही आहे की त्या साडेचार तासांवर तुमचा ताबा राहिलेला नाही. मॅटवर असताना तुम्ही अर्धे कामावर असता आणि रात्री कामावर असताना अंग दुखत असतं. या दोन्ही कामांना अर्धं लक्ष चालत नाही. म्हणून तास वाढवण्याआधी तासांच्या सीमा पक्क्या करायला हव्यात. बोटांचा प्रश्न वेगळा आहे आणि क्लास काढण्याचा त्याहून वेगळा. ते एकत्र करून बघितले की सगळं अशक्य वाटायला लागतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. कंपनी ऑनकॉलच्या पाळ्यांत अदलाबदल करू देते का, येणाऱ्या अलर्टपैकी खरे किती, बधिरपणा नेमका कुठल्या बोटांत आहे, आणि तुमचे सर आठवड्यातला एखादा वर्ग पहाटे घेतील का. ही चार उत्तरं काय येतात त्यावर पुढचं थोडं इकडेतिकडे होईल.

आधी घड्याळ बघू, कारण तुमच्या बाबतीत मूळ तिथेच दिसतंय. आपले संध्याकाळचे सात म्हणजे यूटीसीचे (सर्व्हर सहसा ज्या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात तिचे) दुपारचे दीड. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि तिथलं घड्याळ एक तास मागे गेलं की, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, साडेआठ. तुमच्या ग्राहकांची ऑफिसं नेमकी या वेळेला भरतात. सगळे एकदम लॉगिन करतात, रात्रभर साचलेली कामं सुरू होतात, डेटाबेसच्या जोडण्या संपतात, आणि आदल्या दिवशी चढवलेल्या बदलात काही खोट असेल तर ती याच वेळी उघडी पडते. तुमचा क्लास त्यांच्या दिवसातल्या सर्वांत धोक्याच्या दीड तासावर बसलाय. पहाटे पावणेसहा ते सव्वासात ही वेळ घेतली तर उन्हाळ्यात तिथे रात्रीचे सव्वाआठ ते पावणेदहा असतात. ऑफिसात वापरायचं सॉफ्टवेअर असेल तर तेव्हा वर्दळ उतरलेली असते. कुस्तीच्या आपल्या पट्ट्यात पहाटेची तालीम कुणाला नवी नाही, त्यामुळे सरांना विचारायला संकोच करू नका. तीनही दिवस पहाटे जमणार नाही, मुलं शाळेची असतात. पण ऑनकॉलच्या आठवड्यात एक संध्याकाळ कमी करून दोघातिघांचा एक पहाटेचा वर्ग झाला तरी फरक पडतो.

सर्व्हरवरची क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादीही याच नजरेने तपासा. बऱ्याच ठिकाणी कुणीतरी कधीतरी सोयीचा आकडा म्हणून बॅकअप किंवा रिपोर्टचं काम यूटीसी दुपारी एक-दोन वाजता लावून ठेवलेलं असतं. ते तुमच्या क्लासच्या वेळेवर आणि ग्राहकांच्या गर्दीवरही पडतं. हलवता येण्यासारखं असेल तर यूटीसी सकाळी सात-आठला न्या. आपल्याकडे तेव्हा दुपार असते, अमेरिकेत अपरात्र असते, आणि काम फसलं तर बघायला तुम्ही टेबलापाशी असता.

आता संध्याकाळच्या क्लासचं. ऑनकॉलवर असताना फोन मॅटच्या कडेला ठेवून रँडोरी (मोकळी सराव-लढत) करायची नाही. याला मी अपवाद ठेवत नाही. साधारण नियम असा असतो की ५ मिनिटांत अलर्ट उचलायचा आणि १५ मिनिटांत लॅपटॉप उघडून काम सुरू करायचं. मॅटवरून हे करून बघा. घामाने किंवा पट्टी बांधल्याने बोटाचा ठसा लागत नाही, व्हीपीएनचा ओटीपी यायला वेळ लागतो, पत्र्याच्या शेडमध्ये हॉटस्पॉटला नेटवर्क नसतं. पंधरा मिनिटं तिथेच जातात. त्याहून वाईट म्हणजे रिंग वाजते त्या क्षणी तुम्ही जोडीदाराला अर्धं उचललेलं असतं. लक्ष तुटलं की हातातली बाही सुटते, आणि बाही सुटली की समोरच्याला पडताना आधार राहत नाही. दुखापत त्याला होते.

यावर उपाय म्हणजे तेवढ्या वेळापुरती पाळी दुसऱ्याला देणं, आणि तेही तोंडी नाही. ‘जरा बघशील का’ म्हणून सांगितलेलं सिस्टमला कळत नाही, अलर्ट तुमच्याच फोनवर येतो. पाळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पावणेसात ते पावणेनऊ असा बदल नावानिशी नोंदवा. जाण्या-येण्याचा आणि कपडे बदलण्याचा वेळ त्यात धरलेला असू दे. सहा पन्नासला एक चाचणी अलर्ट सोडा आणि तो सहकाऱ्याच्या फोनवर वाजला याची खात्री करून मग मॅटवर पाय ठेवा. तीन दिवसांचे मिळून सहा तास होतात. बदल्यात त्याच्या पाळीतली शनिवारची किंवा रविवारची सलग सहा तासांची वेळ तुम्ही घ्या. सलग वेळ मिळाली की त्याला गावी जाऊन येता येतं, म्हणून हा सौदा सहसा टिकतो. फुकटची मदत मागत राहिलात तर दोन महिन्यांत बंद पडेल.

ज्याला पाळी देताय त्याच्यासाठी एक पानाची टिपण हवी. तीत चार गोष्टी पुरतात: अलर्ट आला की पहिल्या तीन तपासण्या कुठल्या, कुठली सेवा न विचारता रीस्टार्ट केली तर चालते, कशाला काही झालं तरी हात लावायचा नाही (मुख्य डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवणं हे त्यात पहिलं), आणि तुम्हाला क्लासवर फोन करून उठवायचं ते कुठल्या परिस्थितीत. शेवटची गोष्ट आकड्यांत लिहा. ‘फारच गंभीर असेल तर’ असं लिहिलं की सावध माणूस दर वेळी फोन करतो आणि बेफिकीर माणूस कधीच करत नाही. ‘१० मिनिटांहून जास्त वेळ एकाही ग्राहकाला लॉगिन होत नसेल तर’ हे दोघांनाही सारखंच कळतं. फोन सरांच्या टेबलावर द्या आणि फक्त त्या एका नंबराला वाजण्याची मुभा ठेवा.

रात्रीच्या अलर्टकडे वळू. गेल्या तीन महिन्यांचे सगळे अलर्ट एका तक्त्यात काढा आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा: तेव्हा कुणाला हाताने काही करावं लागलं का, आणि ते सकाळी दहापर्यंत थांबलं असतं का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असलेले अलर्ट बंद करा किंवा नुसती नोंद होऊ द्या. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल त्यांचं तिकीट (सवडीने करायच्या कामाची नोंद) करा, त्यासाठी फोन वाजायला नको. हे केल्यावर जे उरतात तेवढ्यांनीच तुम्हाला झोपेतून उठवावं.

जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सापडणारे तीन प्रकार सांगतो. पहिला, डिस्क ८० टक्के भरल्याचा अलर्ट. २० जीबीच्या डिस्कवर ८० टक्के म्हणजे ४ जीबी शिल्लक, २ टीबीच्या डिस्कवर ४०० जीबी. दोन्हीला सारखंच उठवणं निरर्थक आहे. टक्क्यांऐवजी भरण्याच्या वेगावर अलर्ट लावा. प्रोमेथियस (सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर प्रेडिक्ट-लिनिअर हे फंक्शन त्यासाठीच आहे: गेल्या सहा तासांच्या वेगाने पुढच्या चार तासांत डिस्क भरणार असेल तर फोन, दोन दिवसांत भरणार असेल तर तिकीट. लॉगच्या जुन्या फायली आवरणारा लॉगरोटेट नीट चालतोय का तेही बघा. लॉगची फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, म्हणजे जागा मोजणाऱ्या डीएफ आणि डीयू या दोन कमांड वेगवेगळे आकडे दाखवत असतील, तर एखाद्या प्रोसेसने ती पुसलेली फाइल उघडी धरून ठेवलेली असते. ती प्रोसेस रीस्टार्ट केल्याशिवाय जागा सुटत नाही. आणि जागा भरपूर दिसूनही नवीन फाइल तयार होत नसेल तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदीच्या जागा) संपलेत का ते तपासा.

दुसरा, हेल्थ चेकचा (सेवा चालू आहे का हे सतत बघणाऱ्या तपासणीचा) एकच ठोका चुकला म्हणून आलेला अलर्ट. तुम्ही उठून लॅपटॉप उघडेपर्यंत सगळं हिरवं झालेलं असतं आणि झोप मात्र गेलेली असते. नियमात मुदत घाला, सलग पाच मिनिटं खाली असेल तरच वाजू दे. पैशांचे व्यवहार चालणाऱ्या सेवेला दोन मिनिटं ठेवा. तिसरा, सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपत आल्याचा रात्री दोनला आलेला अलर्ट. २१ दिवस आधी तिकीट, ७ दिवस आधी टीमला निरोप, आणि शेवटचे दोन दिवस राहिले तरच फोन. तोही दिवसा.

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यासाठी मॅनेजरकडून दोन-तीन दिवस मागून घ्यावे लागतील. मागताना ज्युदोचं नाव काढायची गरज नाही. तक्ता पुढे ठेवा: इतके अलर्ट, त्यातले इतके काहीही न करता विझलेले. हा मुद्दा कुठल्याही मॅनेजरला पटतो, कारण खोट्या अलर्टांनी थकलेला माणूस खऱ्या अलर्टला उशिरा उठतो.

तरीही काही रात्री मोडणारच. त्या दिवसासाठी नियम आधीच ठरवून ठेवा, कारण थकलेलं डोकं स्वतःच्या थकव्याचा अंदाज नीट घेत नाही. रात्री मध्यरात्र ते पाच या वेळात उठावं लागलं आणि एकूण झोप पाच तासांच्या आत राहिली, तर त्या दिवशी रँडोरी नाही, पूर्ण फेक नाही. फार तर उचिकोमी (न फेकता फेकीच्या सुरुवातीचा पुन्हापुन्हा सराव), पडण्याचा हलका सराव आणि जमिनीवरचे डाव संथ लयीत. याचं कारण पडण्यात आहे. ताजा माणूस पडताना हनुवटी छातीकडे घेतो आणि हाताने मॅटवर आपटी मारतो. झोप न झालेल्या माणसाची ही सवय क्षणभर उशिरा जागी होते, आणि त्या क्षणात हात आपोआप मागे टेकला जातो. सरळ टेकलेल्या हातावर दोघांचं वजन आलं की मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं. मनगट गेलं की तुमची नोकरीही सहा आठवडे एका हाताने चालते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मॅटवर डोकं आपटलं, मग चक्कर आली, उजेड नको वाटला, मळमळलं किंवा मागच्या पाच मिनिटांतलं नीट आठवत नसेल, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर जायचं नाही आणि ऑनकॉलची पाळीही लगेच दुसऱ्याला द्यायची. डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत चालू सर्व्हरवर कमांड टाकणं म्हणजे कुठल्या मशीनवर आहोत याचं भान नसताना डिलीट दाबणं. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, शुद्ध हरपत असेल तर थेट रुग्णालय. एरवीही डॉक्टरांनी तपासल्याशिवाय अंगाला अंग लावायचा सराव सुरू करायचा नाही. परत येताना आधी चालणं, मग पळणं, मग एकट्याचा सराव, मग जोडीदाराबरोबर हलका सराव, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. लक्षणं परतली तर एक पायरी मागे.

साडेआठला क्लास सुटल्यावर अंग तापलेलं असतं, त्यामुळे साडेदहाच्या आत झोप लागत नाही हे धरूनच चाला. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद केलीत तर याचा सर्वांत लवकर फायदा दिसतो. मोडलेल्या रात्रीनंतर दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं पडा. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर जड वाटतं.

आता बोटं. ‘उजव्या हाताची बोटं’ एवढं पुरेसं नाही, कुठली ते बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू पहाटे बधिर होत असेल तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर नस बहुधा कोपरापाशी दाबली जाते, आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकून तासन्‌तास बसणाऱ्यांत हे खूप दिसतं. बधिरपणाबरोबर मान दुखत असेल, मान वळवली की हातात कळ जात असेल, तर मानेकडे बघावं लागतं. ज्युदोत मानेवर ताण येतोच. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून अंदाजाने पट्टे बांधू नका. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही, पकड सैल पडतेय असं वाटलं किंवा अंगठ्याच्या बुडाशी स्नायू बसलेला दिसला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते नसांची तपासणी सांगतील. मिरज तुमच्या शेजारीच आहे, लांब जायला नको.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. ज्युदोची पकड आणि कीबोर्ड दोन्ही बोटं मिटवणाऱ्या स्नायूंवर भार टाकतात. दिवसभर टाईप करून मग तासभर कापड ओढलं की त्या स्नायूंना विश्रांती मिळतच नाही. पकड बदला: करंगळी, अनामिका आणि मधलं बोट घट्ट, तर्जनी आणि अंगठा सैल. ही तशीही जास्त चांगली पकड आहे, मनगट मोकळं राहतं आणि हात लवकर भरून येत नाहीत. पूर्ण लढत सोडून एरवी कापड आवळून धरू नका, ओढायच्या क्षणीच मूठ आवळा. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर अर्धा इंची कडक चिकटपट्टी मधल्या सांध्याच्या वर आणि खाली एकेक वेढा आणि सांध्याच्या आतल्या बाजूला फुली, अशी लावा. बोट पूर्ण वाकायला हवं आणि टोक निळं पडता कामा नये.

तालमीतल्या व्यायामात दोन गोष्टी काही आठवडे थांबवा: दोरावर चढणं आणि तळहात टेकून मारलेले जोर-सपाट्या. सपाट्यांत मनगट पूर्ण मागे दुमडून त्यावर वजन येतं, आणि आधीच दाबलेल्या नसेला तेच सोसत नाही. जोर लाकडी ठोकळ्यांवर मारा म्हणजे मनगट सरळ राहील. बोटं उघडण्याचा व्यायाम रोज करा: पाचही बोटांभोवती रबरबँड घालून बोटं फाकवायची, वीस-वीसच्या दोन फेऱ्या. एक-दीड किलोचं वजन हातात धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, पंधराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दुखत असेल तर नाही.

टेबलापाशी कोपर काटकोनापेक्षा किंचित उघडं, मनगट सरळ, कीबोर्डचे मागचे पाय मिटलेले. ते पाय उघडले की मनगट वर दुमडलं जातं. लॅपटॉपवरच दिवसभर काम करत असाल तर वेगळा कीबोर्ड घ्या आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा. मानेचं निम्मं दुखणं तिथेच असतं. रात्री झोपताना मनगट दुमडू नये म्हणून मऊ पट्टी बांधा, पण सरळ ठेवण्यापुरतीच, आवळून नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. ज्युदोचा ड्रेस जाड असतो, जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांत वाळत नाही. तीन दिवसांचा सराव असेल तर दोन ड्रेस हवेतच. ओल्या ड्रेसमधून नायटा पसरतो. नायटा दिसला तर मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइडची मिश्र मलमं लावू नका. त्यांनी लाली दोन दिवसांत जाते आणि नायटा खाली पसरत राहतो. त्वचेच्या डॉक्टरांकडून औषध घ्या आणि नायटा बरा होईपर्यंत जोडीने सराव करू नका. मॅट पुसायला ५ टक्क्यांचं ब्लीच एक लिटर पाण्यात २० मिलि पुरतं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने पुसायचं. फिनाईल त्यात मिसळायचं नाही.

स्वतःचा क्लास काढण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. निदान एक वर्ष सध्याच्या सरांच्या हाताखाली लहान मुलांचा वर्ग घ्या. स्वतः फेकता येणं आणि आठ वर्षांच्या मुलाला न घाबरता पडायला शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम करता आला तर करा; त्यासाठी साठवलेली रजा किंवा बिनपगारी रजा लागेल, हे मॅनेजरशी बरंच आधी बोला.

जागेचा हिशेब करताना मॅटपासून सुरुवात करा. ज्युदोचा मॅट १ बाय २ मीटरचा आणि ४ सेंटीमीटर जाड असतो. ६ बाय ६ मीटर जागेला असे १८ लागतात. एवढ्या जागेत उचिकोमीच्या सात-आठ जोड्या मावतात, पण रँडोरीला एका वेळी तीनच जोड्या सोडा, नाहीतर एकाची फेक दुसऱ्याच्या गुडघ्यावर उतरते. बाजारात मिळणारे २०-२५ मिलिमीटरचे कोड्यासारखे जुळणारे फोमचे तुकडे कराटेला चालतात, फेकीला नाही. खाली काँक्रीट असेल तर त्यावर पडलेल्या पोराला कंबर आणि डोकं दोन्हीला मार बसतो, शिवाय सांधे उघडून त्यात पायाची बोटं अडकतात. मॅटवर पैसे वाचवू नका, भाड्यात वाचवा. आणि सांगलीत कृष्णेच्या बाजूला तळमजल्याची जागा घेत असाल तर २०१९ आणि २०२१ चं पाणी तिथे कुठवर आलं होतं ते आधी शेजाऱ्यांना विचारा. पाणी प्यालेला मॅट वाळवून वापरता येत नाही, आतला थर कुजतो.

कागदपत्रांत तीन गोष्टी. नोकरीच्या करारात दुसरं उत्पन्न घेण्यावर बंदी आहे का ते वाचा, आणि असो वा नसो, एचआरकडून लेखी परवानगी घ्या. आठवड्याचे किती तास, कुठल्या वेळेत, कंपनीच्या कामाशी काही संबंध नाही, एवढं त्यात असू दे. दुसरं, विमा. आरोग्य विम्यात धोक्याच्या खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली दुखापत वगळण्याचं कलम असतं. हौस म्हणून खेळणारे तुम्ही फी घेऊन शिकवायला लागलात की ते कलम तुम्हाला लागू होतं का, हे विमा कंपनीला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. तिसरं, क्लासची फी हे व्यवसायाचं उत्पन्न आहे, त्यामुळे पगारदारांचा साधा आयटीआर-१ चालणार नाही. सीएंना पहिल्याच वर्षी सांगा. मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, पालकांची लेखी संमती हवी, आणि २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) काय सांगतो ते स्वतः वाचून घ्या. मुलाबाबत काही संशयास्पद कळलं तर पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे.

आणि ऑनकॉलच्या आठवड्यात मुलांचा वर्ग एकट्याने घ्यायचाच नाही. स्वतः सराव करताना फोन वाजला तर तुमचा सराव बुडतो. दहा पोरं मॅटवर असताना प्रशिक्षकाने पाठ फिरवली तर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. दुसरा प्रशिक्षक मिळेपर्यंत क्लास उघडणं पुढे ढकला.

नोकरी बदलायची वेळ कधी येते? अलर्ट साफ केले, पाळ्यांची अदलाबदल करून बघितली, आणि तीन पाळ्या होऊनही आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री मोडतायत, तर त्या टीममध्ये माणसं कमी आहेत. तो दोष तुमच्या नियोजनाचा नाही. चार जणांत पाळी फिरवणं मुळातच ओढाताणीचं असतं, सहा जण झाले तर बराच श्वास मिळतो. माणसं वाढणार नसतील तर नोकरी सोडण्याऐवजी कामाची बाजू बदला. ज्यात ग्राहकांसमोरचा सर्व्हर थेट तुमच्या हातात नसतो अशी कामं शोधा: डेव्हलपर्ससाठी अंतर्गत साधनं बांधणं, क्लाउडच्या खर्चाचं नियोजन, सुरक्षेच्या तपासण्या आणि ऑडिट, बॅकअप आणि आपत्ती-नियोजन. यांत घाई असते पण ती दिवसाची असते. किंवा ज्यांचे ग्राहक भारतातले आहेत अशी कंपनी. त्यांची गर्दी सकाळी अकराला होते. मुलाखतीत पगाराआधी ऑनकॉलचं विचारा: पाळीत माणसं किती, गेल्या महिन्यात रात्री फोन किती वाजले, मोडलेल्या रात्रीची भरपाई रजा मिळते का. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर ते उत्तर समजा.

परीक्षेची तयारी या सगळ्यात कशी बसवायची ते शेवटी. ब्लॅक बेल्टला सहसा नागे-नो-काता (फेकींचं ठरलेल्या क्रमाचं प्रात्यक्षिक) मागतात: पाच गटांत प्रत्येकी तीन, अशा पंधरा फेकी, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. पहिल्या परीक्षेला बऱ्याच ठिकाणी पहिले तीनच गट विचारतात, तुमच्याकडे काय लागतं ते सरांकडून नक्की करा. काताचा सराव ऑनकॉलच्या आठवड्याला चपखल बसतो. लय ठरलेली असते, डाव आधी माहीत असतो, मध्ये थांबता येतं आणि दोन फेकींच्या मधे कुणाचा तोल गेलेला नसतो. म्हणून चार आठवड्यांचं चक्र असं लावा: ऑनकॉलचा आठवडा काताचा आणि जोडीने फक्त पावलं व पकड, त्यानंतरचा आठवडा झोप भरून काढायचा, हलका, उरलेले दोन आठवडे रँडोरीचे. परीक्षेच्या आधीचे दहा दिवस ऑनकॉल नको. पाळ्यांचं वेळापत्रक साधारण तिमाहीचं लागतं, तेव्हा तारीख कळल्याबरोबर अदलाबदल मागा. काताला तुमचा उके (फेक घेणारा जोडीदार) बदलून चालत नाही, म्हणून तुमच्या पाळ्यांच्या तारखा आत्ताच त्याला पाठवून ठेवा आणि त्याच्या अडचणीच्या तारखाही मागून घ्या.